पाण्याखालच्या घरगुती उपकरणासाठी: वॉटरप्रूफ भाग, इपॉक्सी की सीलबंद डबा?

गोव्यातल्या मांडवी किंवा जुवारीच्या खाडीत पाच-सहा मीटर खोल सोडण्यासाठी घरी उपकरण बनवणाऱ्याला सर्वांत आधी हे ठरवावे लागते की, प्रत्येक भाग मुळातच वॉटरप्रूफ विकत घ्यायचा, साधे भाग इपॉक्सीत (दोन द्रव मिसळल्यावर कडक होणाऱ्या राळेत) बुडवून बंद करायचे, की सारे काही एका सीलबंद डब्यात ठेवायचे.

तयार वॉटरप्रूफ भाग सोयीचे असले तरी त्यांच्यावरील आकड्यावर विसंबू नये. आयपी हा धूळ-पाण्यापासून संरक्षणाचा दर्जा दाखवणारा क्रमांक; आयपी67 म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास, एवढेच; आयपी68 मध्ये खोली आणि वेळ उत्पादक स्वतः ठरवतो, त्यामुळे माहितीपत्रक वाचल्याशिवाय त्या आकड्याला अर्थ नाही. शिवाय ही चाचणी गोड्या पाण्यात होते. खाऱ्या पाण्यात भाग किती दिवस टिकेल, हे त्यावरून कळत नाही.

तापमापक, एलईडी यांसारख्या लहान व स्वस्त भागांसाठी मी इपॉक्सीच निवडेन. आत हवेची पोकळी उरली नाही, तर दाबाने चेपण्यासारखे फारसे काही राहत नाही. मात्र वायर नीट पाहावी. तिच्या आवरणाला बारीकशी चीर पडली, तरी पाणी तांब्याच्या तारांमधून केशाकर्षणाने सरकत थेट सर्किटपर्यंत पोहोचते. म्हणून इपॉक्सीच्या आत वायरीचा थोडा भाग सोलून, तारांमध्ये डाक (सोल्डर) भरून मगच ओतावे. सिलिकॉनच्या आवरणाला इपॉक्सी धरत नाही, त्यामुळे पीव्हीसीची वायर घ्यावी. व्हिनेगरसारखा वास येणारे सिलिकॉन सीलंट तांब्याला गंजवते, ते सर्किटजवळ नको. इपॉक्सीचा खरा तोटा एकच, पण मोठा: एकदा ओतल्यावर दुरुस्ती नाही.

म्हणूनच कंट्रोलर बोर्ड आणि बॅटरी डब्यातच असाव्यात. दर दहा मीटरला दाब साधारण प्रति चौरस सेंटीमीटर एक किलोने वाढतो. म्हणजे दहा सेंटीमीटर व्यासाच्या झाकणावर दहा मीटर खोलीत सुमारे ऐंशी किलोंचा भार येतो. जेवणाच्या डब्याचे पातळ झाकण तिथे टिकणार नाही. जाड ॲक्रिलिकची नळी आणि ओ-रिंग (फट बंद करणारे रबरी कडे) बसवलेली झाकणे हवीत. ओ-रिंगवर वाळूचा एक कण किंवा केस राहिला तरी गळती होते, म्हणून दर वेळी ती पुसून सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात द्यावा. पावसाळ्यातल्या दमट हवेत डबा बंद केला, तर तीच वाफ आत थंड होऊन बोर्डवर जमते; सिलिका जेलची पुडी अवश्य ठेवावी. आत काही न ठेवता फक्त टिश्यू पेपर घालून, वजन लावून डबा रात्रभर बुडवून पाहावा आणि मगच त्यात बॅटरी ठेवावी.

मोटरीच्या बाबतीत बिल्ज पंपाची (होडीच्या तळात साचलेले पाणी उपसणाऱ्या पंपाची) मोटर आधीच सीलबंद मिळते आणि उथळ पाण्यात भागते, पण शाफ्टचे (फिरणाऱ्या दांड्याचे) सील झिजते. ब्रशलेस (आत घासणारे ब्रश नसलेल्या) मोटरीच्या तारेच्या गुंडाळीवर इनॅमलचा विद्युतरोधक लेप असल्याने ती उघडी पाण्यात चालते. मात्र बेअरिंग गंजतात, त्यामुळे प्रत्येक वापरानंतर गोड्या पाण्याने धुणे आलेच. हे करण्याची तयारी असेल तर ब्रशलेस घ्यावी.

महागड्या वॉटरप्रूफ कनेक्टरांवर पैसे घालण्यापेक्षा डब्याला पडणारी भोके कमी करावीत: चार वायरींसाठी चार ग्लँड (वायर आत नेणारी पाणीबंद बुचे) लावण्याऐवजी चार तारांची एकच केबल पुरते.