'पोलीस स्क्वाड!' : बघावी लागते, एवढाच गुन्हा

एकतीस वर्षं मी प्रूफं तपासतेय. या कामात माणसाला एक खोड लागते. मजकूर आवडला की नाही हे पुढचं, आधी चूक दिसते. पाट्या, पावत्या, औषधाच्या खोक्यातली ती घडी घातलेली चिठ्ठी, काही म्हणजे काही सुटत नाही. त्यामुळे माझ्यासोबत टीव्ही बघायला घरात कुणी फारसं उत्सुक नसतं. मागच्या प्रसंगात ग्लास भरलेला होता, आता अर्धा कसा झाला, असलं काहीतरी मी मध्येच बोलते.

भाच्याने 'पोलीस स्क्वाड!'ची डीव्हीडी आणून दिली ती बहुधा सूड म्हणूनच. "आत्या, सहाच भाग आहेत. सगळे मिळून अडीच तास. बघ."

मी लावली. मांडीवर एका जाड पुस्तकाची सूची होती, पृष्ठांक ताडून बघायचे होते. एक डोळा सूचीवर, दुसरा टीव्हीवर. पहिला भाग संपला तेव्हा मी एकदाही हसले नव्हते. जुनी पोलिसी मालिका, पिकल्या केसांचा एक गंभीर अधिकारी, खून, तपास, अटक. यात विनोद कुठेय? भाच्याला तसं सांगितलं. तो म्हणाला, "बघितलीस, की नुसती लावलीस?"

प्रश्न मला लागलाच. पुढे कळलं की ही मालिका बंद पडली तीसुद्धा नेमकी याच मुद्द्यावर. अमेरिकेतल्या एबीसी वाहिनीवर ४ मार्च १९८२ला ती सुरू झाली. मार्चमध्ये चार भाग दाखवले, उरलेले दोन जुलैत उरकून टाकले, संपलं. वाहिनीच्या मनोरंजन विभागाचे तेव्हाचे प्रमुख टोनी थोमोपोलस यांनी जे कारण दिलं ते टीव्हीच्या इतिहासात अजरामर झालंय: ही मालिका आवडायची तर प्रेक्षकाला ती बघावी लागते. तक्रार म्हणून सांगितलं हे त्यांनी! पुस्तक वाचावं लागतं म्हणून छापायचं नाही, असं एखाद्या प्रकाशकाने म्हणावं तसं. पण माझ्या मांडीवर सूची होती तेव्हा मीही तोच प्रेक्षक होते, त्यामुळे त्यांना फार हसायची माझी टाप नाही.

दुसऱ्यांदा सूची बाजूला ठेवून बसले. सुरुवातीला निवेदक खणखणीत आवाजात मालिकेचं नाव घेतो आणि पाठोपाठ अभिमानाने सांगतो की ही रंगीत आहे. १९८२ साली! मग भागाचं नाव पडद्यावर येतं, निवेदक ते वाचतो, आणि मी ताडकन उठून बसले. पडद्यावर एक नाव, तोंडात दुसरं. पहिल्या भागाची दोन नावं आहेत, 'अ सब्स्टॅन्शल गिफ्ट' आणि 'द ब्रोकन प्रॉमिस'. एक वाचायचं, एक ऐकायचं. सहाही भागांत हेच. पहिल्या खेपेला माझ्यासारख्या बाईच्या नजरेतून हे निसटलं, याची लाज मला अजून वाटते. मध्यंतरानंतर 'अंक दुसरा' अशी पाटी येते, तिच्यापुढे एका भागात 'यांकीज एक' असं लिहिलंय. यांकीज हा न्यूयॉर्कचा बेसबॉल संघ, म्हणजे अंक म्हणता म्हणता तो धावफलक झाला. पाटी दोन-तीन सेकंद दिसते. कुणी हसून दाखवत नाही, कुणी कोपराने ढोसत नाही. आलं ध्यानात तर आलं.

मग एक वही घेतली. सापडलेली प्रत्येक 'चूक' टिपायची, कारण इथे चूक म्हणजेच विनोद.

आता पहिल्या भागातला तो जबानीचा प्रसंग. एका पतपेढीत दोन माणसं मेली आहेत. तिथे काम करणारी सॅली सांगतेय की एकजण दरोडा घालायला आला, त्याने गोळी झाडली आणि मग तिने त्याला मारलं. त्या कथित दरोडेखोराचं आडनाव ट्वाइस. इंग्रजीत ट्वाइस म्हणजे दोनदा. तर 'मी ट्वाइसला गोळी घातली' आणि 'मी दोनदा गोळी झाडली' ही दोन्ही वाक्यं इंग्रजीत कानाला एकच. त्यात पतपेढीत फेल आडनावाचा एक जिम आहे, आणि गोळी लागून पडला तो वेगळाच जिम. फेल म्हणजे पडला. पुढे वन्स नावाचाही कुणीतरी उगवतो, म्हणजे 'एकदा'. अधिकारी फ्रँक ड्रेबिन हे सगळं वहीत उतरवून घेतोय, चेहऱ्यावरची सुरकुतीही हलत नाही, आणि प्रत्येक खुलाशागणिक गुंता वाढत जातो.

हा विनोद छापला तर मरतो. इंग्रजीत विशेषनामाचं पहिलं अक्षर मोठं येतं, डोळ्याला लगेच फरक कळतो. म्हणून हा प्रसंग तरी सबटायटल बंद करून बघा. मराठीत करून बघण्याचा मोह मला आवरला नाही. आपल्याकडे मोठं अक्षर नाही, म्हटलं जमेल. पण 'दोनदा' आडनावाच्या माणसाला गोळी घातली की तो 'दोनदाला' होतो, प्रत्यय लागतो आणि सगळं उघडं पडतं. विभक्तीने घात केला. फेलचं मात्र झकास जमतं, कारण 'पडले' हे आडनाव मराठीत सहज खपेल.

"गोळी लागली आणि जिम पडले."

"म्हणजे पडले तिथे होते?"

"छे, पडले आज आलेच नाहीत. पडले आजारी पडलेत."

पाऊण तास मी यावर घालवला. सूची तशीच राहिली.

दुसरी जागा प्रत्येक भागाच्या शेवटची. त्या काळच्या अमेरिकन मालिकांची एक ठरलेली पद्धत होती: गुन्हेगार पकडला, सगळे ऑफिसात जमले, कुणी एक खुसखुशीत वाक्य टाकलं, सगळे हसले, चित्र जागच्या जागी थिजलं आणि त्यावरून नावं सरकू लागली. इथे चित्र थिजत नाही. कॅमेरा चालूच असतो, नटच पुतळ्यासारखे उभे राहतात. एका भागात कॉफी ओतता ओतता सगळे थांबतात. माणसं थांबली तरी कॉफी कशी थांबेल? कप भरतो, वाहू लागतो, ओतणाऱ्याच्या चेहऱ्यावर तेच गोठलेलं हसू. दुसऱ्या एका भागात पकडलेल्या गुन्हेगाराला 'थांबायचं' हे कुणी सांगितलेलंच नसतं. तो इकडे बघतो, तिकडे बघतो, सगळे दगड झालेत हे त्याला उमगतं आणि तो निसटायची वाट शोधायला लागतो. एकात तर चिंपांझी मोकाट सुटलाय. मी हे शेवट पुन्हा पुन्हा लावते आणि कुणाची पापणी लवतेय का बघत बसते. कामाची सवय, दुसरं काय.

हे सगळं ज्याच्या जिवावर चालतं तो लेस्ली नील्सन. 'एअरप्लेन!' हा १९८०चा चित्रपट ज्या त्रिकुटाने केला, त्याच जिम अब्राहम्स आणि डेव्हिड व जेरी झकर यांनी ही मालिका रचली. नील्सन त्या चित्रपटातही होता. त्याआधीची पंचवीसेक वर्षं हा माणूस सरळसोट गंभीर भूमिका करत आलेला, आणि तोच गंभीरपणा या तिघांनी जसाच्या तसा उचलला. तो विनोद करत नाही. मोटार लावताना कचऱ्याचे डबे उडवतो आणि काही झालंच नाही अशा थाटात उतरून चालू लागतो. आपण विनोदी मालिकेत आहोत याचा फ्रँक ड्रेबिनला पत्ताच नाही. टीव्हीच्या एमी पुरस्कारासाठी त्याला नामांकन मिळालं होतं, मालिका मात्र तोवर गुंडाळलेली.

बाकीच्या पात्रांत मला सगळ्यात लाडका जॉनी, बूटपॉलिशवाला. फ्रँक त्याच्याकडे गुन्ह्याची खबर काढायला जातो. जॉनी म्हणतो, मला काही माहीत नाही. नोट पुढे सरकते, आणि जॉनी गुन्ह्याचं असं तपशीलवार विश्लेषण करतो की पोलीस खात्याने मान खाली घालावी. फ्रँक उठतो, लगेच पुढचं गिऱ्हाईक बसतं. कधी हृदयाच्या शस्त्रक्रियेबद्दल विचारणारा डॉक्टर, कधी मरणोत्तर जीवनाची शंका घेऊन आलेला धर्मगुरू. जॉनी तिथेही आधी हेच, मला काही माहीत नाही. मग नोट. दर भागात तेच, तरी दर भागात मी पुढच्या गिऱ्हाइकाची वाट बघते. प्रयोगशाळेतला टेड ओल्सन मात्र, लहान मुलांना भलतेसलते प्रयोग दाखवणारा, माझ्यापर्यंत पोचला नाही. तो ज्या जुन्या विज्ञान कार्यक्रमांची नक्कल आहे ते पाहिलेल्यांना पोचत असेल.

पाहुण्या कलाकारांचीही तीच गत. दर भागाच्या सुरुवातीला 'खास पाहुणा' म्हणून मोठं नाव जाहीर होतं आणि तिथल्या तिथे त्याचा मुडदा पडतो. विल्यम शॅटनर गोळीबारातून शिताफीने वाचतो, विजयाने वाइनचा घोट घेतो आणि विषाने मरतो. गायक रॉबर्ट गुले गोळीबार पथकासमोर उभा. बस, पुढच्या गोष्टीशी त्यांचा काडीचा संबंध नाही. विनोदी नट जॉन बेलुशीचाही असा बुडून मरण्याचा प्रसंग चित्रित झाला होता. पण पहिला भाग दाखवल्याच्या दुसऱ्याच दिवशी, ५ मार्चला, बेलुशी खरोखरच गेला आणि तो प्रसंग काढून टाकावा लागला. हे वाचल्यापासून ते पाहुणे मरताना माझं हसू जरा अडखळतं.

दोषही सांगते. जपानी बाग दाखवते म्हणून एक बाई नेते आणि तिथे कुंड्यांत जपानी माणसं उभी केलेली आहेत. १९८२ला हसले असतील, आज ते डोळ्यांत खुपतं, आणि शब्दखेळ म्हणूनही ते आळशी आहे. नॉरबर्ग नावाचा सहकारी आहे, त्याला करायला फार काही दिलेलंच नाही. आणि सहाही भाग एकामागोमाग बघितले तर साचा दिसायला लागतो: खून, जबानी, जॉनी, प्रयोगशाळा, वेशांतर, गोळीबार, पुतळे. लेखकांना स्वतःलाच हे किती काळ रेटता आलं असतं, शंका आहे. शंभर भाग झाले असते तर मीच म्हटलं असतं, आवरा. पण आणखी सहा? आणखी सहा तर नक्की हवे होते. निदान नॉरबर्गला एक भाग.

थोमोपोलस यांच्या कारणावर मी बराच विचार केला. अशा मालिकांत त्या काळी हास्याची ध्वनिफीत असायची. ती म्हणजे घंटाच. तुम्ही इस्त्री करताय, फोनवर बोलताय, घंटा वाजली की मान वर करायची, हसायचं, पुन्हा इस्त्री. 'पोलीस स्क्वाड!'ला घंटा नाही. विनोद मागच्या खिडकीत, पाटीवर, चौकटीच्या काठावर. अ‍ॅल नावाचं एक पात्र इतकं उंच आहे की त्याचं डोकं चौकटीत कधी येतच नाही, आणि त्यावर कुणी अवाक्षर काढत नाही. मान वर करायला एक क्षण उशीर झाला तर तुमच्यापुढे उरते एक सुमार पोलिसी मालिका. मला तीच दिसली होती.

आणि पुरावा म्हणून पुढचं बघा. १९८८मध्ये याच मंडळींनी याच फ्रँक ड्रेबिनला घेऊन 'द नेकेड गन' काढला. तेच साचे, तोच चेहरा. चित्रपट तुफान चालला, १९९१ आणि १९९४मध्ये आणखी दोन आले. माणसं सहा वर्षांत हुशार झाली असं काही नाही. चित्रपटगृहात दिवे मालवतात, मांडीवर सूची नसते, बघण्यावाचून गत्यंतर नसतं. तरी मला विचाराल तर मालिका सरस. चित्रपटातला फ्रँक धडपडतो, सांडतो, स्वतःच विदूषक होतो. मालिकेतला फ्रँक सरळ चालत राहतो आणि भोवतालचं जग वाकडं होत जातं.

बघणार असाल तर दिवसाला एकच भाग. हातात काही काम नको. माझ्या वहीत पहिल्या भागाच्या नोंदी चौथ्या खेपेलाही वाढल्या, दोन तर परवाच्या आहेत.

भाच्याने डीव्हीडी परत मागितलीय. पडलेंकडे आहे आणि पडले आजारी पडलेत, असं सांगून ठेवलंय.