अठराव्या दिवशी बसवलेली कॅप

चवथीसाठी तीन आठवड्यांची रजा घेऊन आखातातून गोव्यात बार्देशात घरी आलेला माणूस. वरच्या जबड्यात मागचे दोन दात नाहीत. तिथे इम्प्लांट, म्हणजे हाडात बसवायचा टायटॅनियमचा स्क्रू, आणि त्यावर कॅप, म्हणजे वरचा दात, लावायचा होता. किनारपट्टीवरच्या एका क्लिनिकमध्ये त्याला सांगितलं, "हे ॲक्टिव्ह सरफेसचं इम्प्लांट, हाड तीन आठवड्यांत पकडतं. जाताना दात घेऊनच जा." दर साध्या इम्प्लांटच्या जवळजवळ दुप्पट. अठराव्या दिवशी कॅप बसली. सहाव्या आठवड्यात तिकडे पाव चावताना कळ आली, बोट लावलं तर एक इम्प्लांट जागच्या जागी फिरत होतं. फोनवर उत्तर आलं, "तुमच्या हाडानं स्वीकारलं नाही." बिल काढून पाहिलं तर त्यावर एवढंच: इम्प्लांट, २ नग.

हे "स्वीकारलं नाही" ऐकून गप्प बसू नका. दुसऱ्याची किडनी शरीर नाकारतं तसं टायटॅनियम नाकारत नाही. पू नसताना सहा आठवड्यांत इम्प्लांट हललं तर कारणं दुसरीकडे असतात. बसवतानाच पकड कमी होती, ड्रिलवर पाणी कमी पडून हाड भाजलं (४७ अंशांवर एक मिनिट पुरेसं होतं), साखर ताब्यात नव्हती, सिगारेट चालू होती, किंवा चावण्याचा दाब फार लवकर आला. इथे शेवटचं कारण तर तारखाच सांगतात.

सरफेसमुळे, म्हणजे स्क्रूच्या पृष्ठभागामुळे, फरक पडतो, यात शंका नाही. स्वीडनमध्ये ब्रोनेमार्क यांनी १९६५ मध्ये पहिल्या रुग्णाला बसवले ते स्क्रू लेथवर कापलेले, गुळगुळीत होते. तेव्हा खालच्या जबड्यात तीन-चार महिने आणि वरच्या जबड्यात सहा महिने थांबायचा नियम होता. आता बहुतेक इम्प्लांटवर कारखान्यात कठीण कणांचा मारा करतात, मग ॲसिडमध्ये बुडवून बारीक खळगे पाडतात. हा खरबरीतपणा साधारण १ ते २ मायक्रॉनचा. भोक पाडल्यावर तिथे रक्त गोठतं, आणि त्या गाठीतले फायब्रिनचे धागे या खळग्यांत अडकून राहतात. गाठ आकसली तरी ते सुटत नाहीत. हाड तयार करणाऱ्या पेशी त्याच धाग्यांवरून धातूपर्यंत पोचतात आणि थेट तिथे हाड घालायला लागतात. गुळगुळीत धातूवरून धागे सुटतात, मग भोकाच्या भिंतीकडून हाड वाढत येईपर्यंत थांबावं लागतं. "जितकं खरबरीत तितकं चांगलं" असं कुणी सांगितलं तर मात्र मानू नका. हिरडी मागे सरकून तो खरबरीत भाग उघडा पडला की त्यावर जंतूंचा थर जास्त चिकटतो.

टायटॅनियम हवेत राहिलं की हवेतला कार्बन त्यावर बसतो आणि पृष्ठभाग पाणी झटकायला लागतो. म्हणून ॲक्टिव्ह जातीचं इम्प्लांट, हवा लागू नये यासाठी, सलाईन भरलेल्या नळीत येतं. तीन-चार आठवड्यांचा आकडा याच जातीचा आहे, पण तो घट्ट हाडासाठी. वरच्या जबड्यातलं मागचं हाड स्पंजसारखं पोकळ असतं.

शिवाय बसवल्या दिवशी स्क्रू घट्ट असतो तो निव्वळ आवळल्यामुळे. आवळलेलं हाड शरीर हळूहळू खाऊन टाकतं आणि त्या जागी नवं घालतं. दुसऱ्या ते चौथ्या आठवड्यात जुनी पकड सुटलेली असते, नवी पुरती आलेली नसते. चांगला सरफेस पकडीतला हा खड्डा उथळ करतो, बुजवत नाही. अठरावा दिवस नेमका त्यात पडतो.

त्या माणसाला दिलेलं इम्प्लांट खरंच ॲक्टिव्ह होतं का, हे एक्स-रेवरून कळणार नाही. एक्स-रेत स्क्रूच्या आट्यांचा आकार दिसतो, सरफेस दिसत नाही. पाहायचं ते पाकीट फोडतानाच. भूल फक्त जबड्याला असते, डोळे उघडे असतात. सीलबंद खोका आधी हातात मागा, आणि मुदत व लॉट नंबर वाचा. बाहेरचा माल असेल तर आयातदाराचं नाव-पत्ता आणि आयात परवान्याचा नंबर छापलेला असलाच पाहिजे. ॲक्टिव्ह इम्प्लांट नळीतून ओलं निघतं, आणि रक्ताला टेकलं की रक्त आट्यांमधून आपोआप वर चढतं. कोरडं निघालं तर तिथेच विचारा. आधी फोडलेलं इम्प्लांट ऑटोक्लेव्ह करून (दाबाच्या वाफेत निर्जंतुक करून) वापरू देऊ नका.

खोक्यातले स्टिकर तुमच्या फाइलमध्ये लावून घ्या. बिलावर कंपनी, मॉडेल, लॉट नंबर हवेत. "सरफेस चार्ज" वेगळा लावला असेल तर कशाचा ते विचारा, कारण ॲसिडचं काम कारखान्यातच होतं. काही ठिकाणी यूव्हीचं (अतिनील किरणांनी तो कार्बन काढणारं) यंत्र असतं, असेल तर ते दाखवतील. तुमचंच रक्त फिरवून केलेलं पीआरएफ लावणं म्हणजे सरफेस नव्हे.

दोन आकडे लिहून घ्या: बसवतानाचा टॉर्क (स्क्रू फिरवायला लागलेला जोर) आणि आयएसक्यू (इम्प्लांट किती पक्कं आहे हे यंत्रानं मोजलेला, १ ते १०० मधला आकडा). लवकर दात लावायचे तर टॉर्क सहसा ३५ न्यूटन-सेंटिमीटर तरी लागतो. आयएसक्यू कॅपआधी पुन्हा मोजून घ्या. ७०च्या वर असेल तर धीर येतो, ६०च्या खाली असेल तर थांबायचं. रजा संपत असेल तर हिरडी शिवून घेऊन जा, कॅप पुढच्या खेपेला. काढता येणारा तात्पुरता दात मिळतो, फक्त तो इम्प्लांटवर टेकता कामा नये.

इम्प्लांट निघालंच तर ते क्लिनिकमध्ये सोडून येऊ नका. कोरड्या बाटलीत घालून, एक्स-रेसकट बांबोळीच्या गोवा दंत महाविद्यालयात दाखवा. डॉक्टरविरुद्धची तक्रार गोवा राज्य दंत परिषदेकडे, पैशांची जिल्हा ग्राहक आयोगाकडे, तीही दोन वर्षांच्या आत. सल्ल्यासाठी १९१५ वर फोन लावा. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली त्या बाटलीतल्या स्क्रूवरचे खळगे अजूनही दिसू शकतात.