फॅटी लिव्हर किती पुढे गेलंय? कोणती रक्तचाचणी काय सांगते

सोनोग्राफीच्या रिपोर्टवर 'ग्रेड २ फॅटी लिव्हर' वाचलं की सगळी धास्ती चरबीची वाटते. पण पुढे काय होणार हे मुख्यतः फायब्रोसिसवर ठरतं. फायब्रोसिस म्हणजे सततच्या दाहामुळे यकृतात साचत जाणारे व्रणासारखे तंतू. सोनोग्राफीची ग्रेड चरबीचा अंदाज देते, तंतूंचा नाही. म्हणून कुठल्याही रक्तचाचणीला एकच प्रश्न विचारावा: फायब्रोसिसबद्दल तू काय सांगतेस?

या प्रश्नावर एकटी एसजीपीटी (यकृताच्या पेशींना इजा झाली की रक्तात वाढणारं एन्झाइम) नापास होते. आजार बराच पुढे गेलेला असतानाही ती नॉर्मल असू शकते, आणि सिरॉसिसकडे (तंतूंनी यकृत कडक होण्याच्या शेवटच्या टप्प्याकडे) जाताना कधी कधी उतरतेसुद्धा. एसजीपीटी खाली आली म्हणून कुणी निर्धास्त झालं, की मला खरोखर काळजी वाटते.

सुरुवातीला फिब-४ (फायब्रोसिसचा अंदाज देणारा स्कोअर) करावा, असं माझं स्पष्ट मत आहे. त्यासाठी वेगळं रक्त द्यावं लागत नाही. वय गुणिले एसजीओटी (एसजीपीटीसारखंच दुसरं एन्झाइम), आणि त्याला प्लेटलेट (हजारांत) गुणिले एसजीपीटीचं वर्गमूळ या गुणाकाराने भागायचं, एवढाच हिशेब. प्लेटलेट यात का? फायब्रोसिस खूप वाढला की यकृतातून रक्त सहज वाहत नाही, मागे प्लीहेवर दाब येतो, ती मोठी होते आणि प्लेटलेट अडकवून ठेवते. उत्तर १.३ पेक्षा कमी आलं तर गंभीर फायब्रोसिसची शक्यता कमी, २.६७ च्या वर गेलं तर ती बरीच जास्त, आणि मधलं आलं तर निकाल अधांतरी. 'गंभीर काही नसावं' हे सांगण्यात हा स्कोअर भरवशाचा आहे; 'आहे' हे ठामपणे सांगण्यात तेवढा नाही.

वयाचा जोर मात्र लक्षात ठेवा. एसजीओटी ४०, एसजीपीटी ४९, प्लेटलेट २ लाख घ्या. वय ३५ असेल तर उत्तर १ येतं, ७० असेल तर २. रक्त तेच! म्हणून ६५ च्या पुढे खालची मर्यादा २ धरतात, आणि पस्तिशीच्या आत हा स्कोअर फारसा विश्वासार्ह नसतो. तापात प्लेटलेट घसरल्या असतील किंवा कावीळ नुकतीच होऊन गेली असेल, तर तेव्हाच्या आकड्यांवर हिशेब करूच नये.

एनएएफएलडी (दारूमुळे न झालेलं फॅटी लिव्हर) फायब्रोसिस स्कोअरमध्ये बीएमआय, मधुमेह आणि अल्ब्युमिनही (यकृतात बनणारं प्रथिन) धरतात. ऐकायला हे जास्त परिपूर्ण वाटतं, पण लठ्ठपणा आणि मधुमेह असलेल्यांचा स्कोअर त्यामुळेच फुगू शकतो, आणि फॅटी लिव्हरच्या रुग्णांत नेमके तेच जास्त असतात. एपीआरआय हा स्कोअर तर फक्त एसजीओटी आणि प्लेटलेटवर चालतो. तो मुळात हिपॅटायटिस सी साठी बनला. फॅटी लिव्हरमध्ये मी त्याला फिब-४ च्या मागेच ठेवेन.

ईएलएफ चाचणीची जातच वेगळी. वरचे सगळे स्कोअर आडून अंदाज बांधतात. ईएलएफ मात्र तंतू तयार होण्याशी आणि मोडण्याशी थेट संबंधित तीन पदार्थ मोजते: हायल्युरोनिक अॅसिड, पीआयआयआयएनपी आणि टिम्प-१. स्कोअर ९.८ किंवा त्याहून जास्त असेल तर गंभीर फायब्रोसिसचा संशय बळावतो, ११.३ च्या वर सिरॉसिस आणि त्याच्या गुंतागुंतीचा धोका मोठा. अमेरिकेच्या एफडीएने २०२१ मध्ये तिला मान्यता दिली ती आजार पुढे बळावण्याचा धोका जोखण्यासाठी. पण ती सगळीकडे उपलब्ध नाही, नेहमीच्या चाचण्यांपेक्षा महाग आहे, आणि वय वाढलं किंवा शरीरात दुसरीकडे दाह असला तरी तिचा आकडा चढू शकतो.

म्हणून फिब-४ कमी असेल तर ईएलएफवर खर्च करू नये. तो मधल्या पट्ट्यात असेल तरच ईएलएफ किंवा फायब्रोस्कॅन (यकृताचा कडकपणा बाहेरूनच मोजणारी तपासणी), यांपैकी जे हाताशी असेल ते करावं. २.६७ च्या वर असेल तर दुसऱ्या रक्तचाचणीची वाट पाहू नका, थेट यकृततज्ज्ञांकडे जा. दोन चाचण्या दोन गोष्टी सांगू लागल्या, तर बायोप्सी करायची का हे तेच ठरवतील.

मधुमेह असेल तर आज १.३ च्या खाली आलेला फिब-४ कायमचा धरू नका. दर एक-दोन वर्षांनी पुन्हा काढा, आणि प्लेटलेटचे जुने आकडे जपून ठेवा. अडीच लाखांवरून हळूहळू पावणेदोन लाखांवर आलेल्या प्लेटलेट रिपोर्टमध्ये 'नॉर्मल'च दिसतात, पण डॉक्टरांना ती उतरण दाखवायलाच हवी.