पुढे पळणारी मोटर ‘जळाली’ म्हणून माझे १४,३५० रुपये गेले

बेळगावच्या वडगावात आमचे चार यंत्रमाग आहेत. सूत आणायला आणि तयार साड्या शहापूरला व्यापाऱ्याकडे पोहोचवायला मी बॅटरीवर चालणारी तीनचाकी मालगाडी वापरतो. आमचा बोळ इतका अरुंद आहे की आत गेलेली गाडी वळत नाही, ती रिव्हर्सनेच बाहेर काढावी लागते. ऐन गणपतीच्या तोंडावर, आठवडाभर पाऊस झोडपल्यानंतर रिव्हर्स बंद पडला, तेव्हा मी घाईत होतो हे आधीच सांगून ठेवतो. घाईतला माणूस ओळखण्यात हे दुरुस्तीवाले तरबेज असतात.

‘सर्व कंपन्यांच्या ई-गाड्यांचे अधिकृत सर्व्हिस’ असा ज्या मेकॅनिककडे गेलो त्याच्या दुकानावर फलक होता. सर्व कंपन्यांचा अधिकृत कोणीच नसतो, हे मला आता सुचते. तपासणीचे ५०० रुपये, मग कंट्रोलर, म्हणजे मोटरला वीज सोडणारा डबा, गेला म्हणून ७,२००, दोन दिवसांनी मोटरची वाइंडिंग, म्हणजे आतली तारेची गुंडाळी, जळाली म्हणून ५,४०० आणि शेवटी ‘प्रोग्रामिंग’चे १,२५०. सगळे पैसे फोनवरून गेले, तेही दुकानाच्या नव्हे, त्याच्या स्वतःच्या खात्यावर. पक्की पावती मागितली तेव्हा “काका, जीएसटी कशाला भरताय?” असे तो म्हणाला आणि मला ते सोयीचे वाटले. तुम्ही मात्र पावतीशिवाय रुपयाही देऊ नका.

जो क्षण आठवला की आजही अंगाचा तिळपापड होतो, तो पहिल्याच दिवशीचा. त्याने माझ्यासमोर रिव्हर्सचे बटण दाबले. माझ्या गाडीचा बझरही त्याच बटणावरून चालतो. बटण सरळ दाबले तेव्हा बझर गप्प राहिला; अंगठा तिरका रेटला तेव्हा क्षणभर ‘टीं’ असा वाजून थांबला. ते त्यानेही ऐकले आणि मीही ऐकले. त्याने चटकन अंगठा काढून घेतला आणि सुताच्या पोत्यांसकट माझी गाडी स्वतः चालवत दुकानात नेली. जी मोटर एवढा भार ओढत पुढे गेली, तीच दोन दिवसांनी जळालेली निघाली, आणि मी मान डोलावून पैसे पाठवले!

मी वीस वर्षे माग चालवतो. थ्री-फेज मोटरच्या दोन फेज अदलाबदल झाल्या की ती उलटी फिरते, हे आमच्याकडचे शाळकरी पोरही सांगेल. ई-गाडीच्या बीएलडीसी, म्हणजे ब्रश नसलेल्या, मोटरमध्येही पुढे आणि मागे जाताना वाइंडिंग तीच असते, मोटर कुठवर फिरली ते सांगणारे हॉल सेन्सर तेच असतात. कंट्रोलर केवळ फेजना वीज देण्याचा क्रम उलटवतो. तेव्हा गाडी पुढे व्यवस्थित चालत असेल आणि नुसता रिव्हर्सच लागत नसेल, तर मोटरला कोणाला हात लावू देऊ नका.

अकरा दिवसांनी गाडी मिळाली, दोन दिवस रिव्हर्स लागला आणि पुन्हा बंद पडला. तोवर त्याचा फोनही बंद झाला होता. मध्यंतरी नऊ दिवस टेम्पोला रोजचे ३५० प्रमाणे ३,१५० रुपये गेले, ते वेगळेच.

शेवटी गल्लीतल्या वायरमनने मागची चाके विटांवर उचलली, कंपनीच्या आकृतीत पाहून रिव्हर्सची वायर शोधली आणि बटणाऐवजी तारेच्या तुकड्याने जोडणी केली. चाके लगेच उलटी फिरली. कंट्रोलर ठणठणीत होता. पावसाचे पाणी जाऊन बटणाच्या वायरी जोडणाऱ्या कपलरच्या पितळी पिनांवर हिरवट गंज चढला होता आणि बटण आतून सैल झाले होते. बटण १२० रुपयांचे, कपलर ३० रुपयांचा. मोटरच्या नटांवरचा जुना चिखल तसाच होता, आणि कंट्रोलरच्या स्टिकरवरचा क्रमांक खरेदीच्या दिवशी काढलेल्या फोटोतलाच निघाला. असा फोटो प्रत्येकाने काढून ठेवावा आणि बदललेला जुना भाग दुकानदाराकडून मागून घ्यावा. मला ‘तो कंपनीला परत जातो’ असे सांगण्यात आले होते.

पोलिसांत गेलो. मराठी अर्ज पाहताच ‘कन्नडमध्ये लिहून आणा’ असे फर्मान निघाले. तक्रारीचे निवेदन राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत देण्याचा हक्क घटनेच्या ३५०व्या कलमाने दिला आहे, असे मी सांगितले, तर समोरच्याने पंख्याकडे पाहिले. बाहेर २०० रुपये देऊन अर्ज लिहून घेतला आणि परत आलो, तेव्हा ‘हा दिवाणी वाद आहे, ग्राहक आयोगात जा’ असे उत्तर मिळाले. हे सांगायला कोणत्या भाषेतला अर्ज लागत होता? अर्ज ठेवून घेतला, पोच मात्र दिली नाही. सायबर फसवणुकीच्या १९३० या मदत क्रमांकावर फोन केला, तर पैसे तुम्हीच स्वखुशीने पाठवलेत, म्हणाले. बँकेत गेलो, तर व्यवहार यशस्वी झाला आहे असे सांगितले. यशस्वी झाला, हे मला ठाऊकच होते, पण कोणाचा?

आता ग्राहक आयोगात जाणार आहे. ५ लाखांपर्यंतच्या तक्रारीला शुल्क नाही आणि मुदत २ वर्षांची आहे. पुरावा म्हणून माझ्याकडे चार व्यवहारांचे फोनवरचे संदेश, कंट्रोलरचा फोटो आणि गंजलेला कपलर आहे. तो कपलर मी कागदात गुंडाळून मागाजवळच्या फळीवर ठेवला आहे. घरात कोणी तो कचऱ्यात टाकू नये म्हणून त्यावर १४,३५० असा आकडा लिहिला आहे.