कॅम्पिंगसाठी कॉफी मेकर: मोका पॉट, एअरोप्रेस की आपला स्टीलचा फिल्टर?

नागपूरकरांचा तंबूतल्या मुक्कामांचा हंगाम दिवाळीनंतर सुरू होतो आणि होळीच्या सुमारास उन्हाचा चटका जाणवू लागला की संपतो. रामटेकजवळचा खिंडसी तलाव, उमरेड-कऱ्हांडलाच्या किंवा पेंचच्या वाटेवरची शेते, सवड असेल तर थेट चिखलदरा, अशा ठिकाणी पहाटेच्या थंडीत चांगली कॉफी मिळावी ही इच्छा रास्तच आहे. घरासाठी कॉफी मेकर घेताना आपण चव पाहतो. तंबूपाशी मात्र एकच बर्नर असतो, पाणी कॅनमधून मोजून वापरावे लागते आणि वापरलेली पावडर टाकायला सिंक नसते. म्हणून या परीक्षणात मी चवीइतकेच महत्त्व आच, पाणी आणि धुणे या तीन गोष्टींना दिले आहे.

फ्रेंच प्रेसचा, म्हणजे जाळीचा दट्ट्या दाबून कॉफी गाळण्याच्या भांड्याचा, विचार फार वेळ करावा लागत नाही. काचेचे भांडे गाडीच्या डिकीत टिकत नाही आणि दुहेरी भिंतीचे स्टीलचे भांडे उगाच जड होते. शिवाय तळाशी उरलेला ओला चोथा काढायला आणि जाळी स्वच्छ करायला जेवढे पाणी लागते, तेवढ्यात आणखी दोघांची कॉफी झाली असती.

मोका पॉट हे खरोखर सुंदर यंत्र आहे. इटलीत 1933 मध्ये अल्फान्सो बियालेट्टी यांच्या कारखान्यातून ते बाजारात आले आणि त्याची रचना आजही जवळपास तशीच आहे. खालच्या भागातले पाणी तापले की वाफेचा दाब ते पावडरमधून वर ढकलतो आणि दाट, कडक कॉफी वरच्या भागात जमा होते. अॅल्युमिनियमचा पॉट नुसत्या पाण्याने विसळला तरी पुरतो, साबण लागत नाही. मात्र ओलाच पिशवीत कोंबला तर आतून पांढरे डाग धरतो. आपल्याकडे त्याच्या दोन अडचणी आहेत. पहिली अडचण पावडरची. नागपुरात सहज मिळणाऱ्या फिल्टर कॉफीत बहुधा चिकोरी, म्हणजे एका वनस्पतीच्या भाजलेल्या मुळांची पूड, मिसळलेली असते. ती पाण्याने फुगते, जाळीत बसते आणि वर चढणारे पाणी अडवते. मोका पॉटसाठी चिकोरीविरहित, किंचित रवाळ दळलेली पावडर वेगळी घ्यावी लागते. दुसरी अडचण आचेची. लहान पॉट पोर्टेबल शेगडीच्या कड्यांवर नीट बसत नाही, वारा असला की ज्योत एका बाजूला झुकते, आणि कॉफी वर येईपर्यंत तो एकुलता एक बर्नर अडकून राहतो. त्याच वेळी कोणाला तरी पोह्यांची तर्री गरम करायची असते, हे वेगळे सांगायला नको.

एअरोप्रेस हे अमेरिकेतील अॅलन अॅडलर यांनी तयार केलेले आणि 2005 मध्ये विक्रीला आलेले प्लास्टिकचे साधन आहे. दिसायला ते मोठ्या सिरिंजसारखे असते. नळीत पावडर आणि गरम पाणी घालावे, ढवळावे, थोडे थांबावे आणि दट्ट्या सावकाश दाबावा. कागदी फिल्टरमधून स्वच्छ कॉफी थेट मगमध्ये उतरते. पाणी खळखळ उकळलेले नसले तरी चालते. धुण्याच्या बाबतीत याच्या तोडीचे दुसरे काही नाही, कारण टोपी काढून दट्ट्या पुढे ढकलला की चोथ्याची घट्ट, जवळजवळ कोरडी चकती बाहेर पडते आणि ती कागदात गुंडाळून परत नेता येते. मात्र दाबताना खाली मजबूत मग आणि सपाट जागा हवी. कागदी कप चेपतो, आणि ओबडधोबड दगडावर ठेवलेला मग कलंडला तर उकळते पाणी हातावर येते. एका वेळी एकाची, फार तर दोघांची कॉफी होते. किमतीही काही हजारांत आहेत. एकट्याने किंवा जोडीने फिरणाऱ्या आणि बिनदुधाची कॉफी आवडणाऱ्या माणसाने मात्र हेच घ्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

पण आपल्याकडचे बहुतेक कॅम्प असे नसतात. दोन कुटुंबे असतात, सोबत आजी-आजोबा असतात आणि बहुतेकांना दुधाचीच कॉफी हवी असते. अशा मंडळींसाठी माझी पसंती दाक्षिणात्य पद्धतीच्या स्टीलच्या फिल्टरला आहे. डिकॉक्शन, म्हणजे कॉफीचा दाट अर्क, वरच्या भांड्यातून खालच्या भांड्यात उतरायला वेळ लागतो म्हणून अनेक जण तो घरीच ठेवून येतात. माझ्या मते तंबूच्या मुक्कामात हा संथपणाच सर्वांत उपयोगी पडतो. रात्रीची जेवणे आटोपली की वरच्या भांड्यात पावडर भरावी, छत्रीसारखी चकती हलकेच टेकवावी, गरम पाणी ओतून झाकण लावावे आणि फिल्टर मुंग्या लागणार नाहीत अशा जागी ठेवून झोपी जावे. पहाटे खालच्या भांड्यात काळेभोर डिकॉक्शन तयार असते. मग गंजात दूध उकळायचे, एवढेच काम उरते. डिकॉक्शन थंड असले तरी बिघडत नाही. एक भाग डिकॉक्शनला तीन भाग उकळते दूध घातले की कॉफी पिण्याजोगी गरम होते. सफारीसाठी सूर्योदयाआधी गेटवर पोहोचायचे असेल तर या सोयीचे मोल कळते.

याला स्वतःची आच लागत नाही, ही आणखी एक मोठी सोय. रेल्वेत गॅसचे कॅन नेण्यास मनाई आहे, त्यामुळे पिपरियाला उतरून पचमढीला जाणाऱ्यांकडे बहुधा शेगडी नसते. फिल्टरला मात्र टपरीवरचे गरम पाणीही पुरते. फेब्रुवारीनंतर सागाची पाने वाळून जंगलात सर्वत्र पसरलेली असतात. त्या दिवसांत ज्योत जितकी कमी पेटवावी तितके बरे, आणि कॉफीसाठी चूल मांडणे तर पूर्णपणे टाळावे.

फिल्टरला उणिवा आहेत. त्याचे दोन भाग एकमेकांवर नुसते बसतात, पेच नसतो, त्यामुळे भरलेला फिल्टर गाडीतून नेता येत नाही. पावडर जास्त दाबली गेली तर सकाळी खाली चमचाभरच डिकॉक्शन सापडते. चोथाही ओला राहतो, त्यासाठी झाकणाचा एक डबा सोबत ठेवावा आणि तो घरी आणून कुंडीत रिकामा करावा.

इतवारीतल्या भांड्यांच्या दुकानांत हा फिल्टर काही शे रुपयांत मिळतो. घेताना वरचे भांडे उजेडासमोर धरून तळाची छिद्रे पाहावीत. ती बारीक आणि सारख्या आकाराची हवीत. मोठी असतील तर पाणी भराभर निघून जाते आणि डिकॉक्शन पातळ उतरते. वरचे भांडे खालच्यात सैल डुगडुगत नाही ना, हेही तिथेच तपासावे. चौघांसाठी मध्यम आकार पुरतो. त्याहून जास्त माणसे असतील तर मोठा एक घेण्यापेक्षा मध्यम दोन घ्यावेत, म्हणजे एकात बिनचिकोरीची पावडर भरता येते. चिखलदऱ्याला जाणार असाल तर पावडर तिथेच घ्यावी, कारण महाराष्ट्रात कॉफी पिकते ती याच डोंगरावर. दूध मात्र टेट्रा पॅकचे न्यावे, ते न उघडता बर्फाशिवाय टिकते.