स्प्रिंगची की पीसीपी: पहिली एअर रायफल कोणती?

नाशकात 10 मीटर नेमबाजी शिकू लागलेल्या मुलांचे पालक हे हमखास विचारतात. स्प्रिंगची रायफल स्वस्त. नळी खाली वाकवून आतली स्प्रिंग दाबली (म्हणजे कॉक केली) की तयार. पण चाप ओढल्यावर आतला पिस्टन धावतो आणि छर्रा नळीबाहेर पडायच्या आतच रायफल हलते. लक्ष्यावरचा दहाचा ठिपका जेमतेम 0.5 मिमीचा, तिथे हा धक्का फार नडतो. पीसीपीत (प्री-चार्ज्ड न्यूमॅटिक) साधारण 200 बार दाबाची हवा आधीच भरलेली असते, त्यामुळे झटका नगण्य. नेम चुकला तर चूक आपलीच, हे लगेच कळतं. किंमत मात्र कितीतरी जास्त, शिवाय हवा भरायची सोय हवी (हातपंपाने मुलांचा दम निघतो). स्पर्धेत उतरायचं नक्की असेल तर पीसीपीच घ्या. तोवर क्लबची रायफल वापरा. छर्रे दोन्हींत 4.5 मिमीचेच.