लघुपटासाठी जुना संगणक भाड्याने: नाशिकमधील एक अनुभव

आमच्या लघुपटातील १९८९ सालच्या बँकेच्या प्रसंगासाठी रविवार कारंजा परिसरातील एका दुकानातून आम्ही जुना संगणक तीन दिवस भाड्याने घेतला. पडद्यावर दिसणारा संगणक नेमका कोणता, हे ओळखण्याचा मला लहानपणापासून छंद आहे. ‘वॉरगेम्स’ (१९८३) या चित्रपटातील मुलाच्या खोलीतला आयएमएसएआय ८०८० त्याच्या लाल-निळ्या खटक्यांवरून मी पहिल्यांदा ओळखला, तो आनंद आजही आठवतो. त्यामुळे माझी अपेक्षा कडक होती.

सव्वापाच इंची फ्लॉपीचा ड्राइव्ह, उन्हाने पिवळट पडलेले कॅबिनेट आणि हिरव्या अक्षरांचा मॉनिटर पाहून समाधान झाले. अशा एकरंगी मॉनिटरवर चित्र सेकंदाला ५० वेळा रेखाटले जाते, म्हणून कॅमेरा सेकंदाला २५ फ्रेम आणि शटर १/५० वर ठेवल्यास पडद्यावर सरकणारे काळे पट्टे दिसत नाहीत, हे दुकानदारांनी आपणहून समजावून सांगितले. या एका सल्ल्याने आमचा अर्धा दिवस वाचला.

कीबोर्ड मात्र चुकला होता. त्यावर विंडोजचे बटण होते, आणि ते बटण १९९४ मध्ये आले. जाणकार प्रेक्षकाच्या नजरेतून असे बटण सुटत नाही, कारण टंकणाऱ्या बोटांवर कॅमेरा हमखास जवळ जातो. तक्रार करताच दुकानदारांनी त्याच संध्याकाळी योग्य कीबोर्ड पंचवटीतील आमच्या चित्रीकरणस्थळी पोहोचवला. हिरवा मॉनिटर त्यांच्याकडे एकच आहे, तेव्हा तो आधीच सांगून ठेवावा.